ताशी चार मैल: ऑक्सफर्ड कालव्यावर साबा, साबु आणि सत्तावन्न फुटांची बोट

रानजाई
मागे केरळच्या हाउसबोटीच्या धाग्यावर मी "आम्ही इंग्लंडात बोट स्वतः चालवली" असं मोघम लिहून पळाले होते. तेव्हापासून विपूत (विचारपुशीत) चौकशा चालू आहेत. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

त्या वर्षी दिवाळी आणि मुलाची ऑक्टोबरची हाफ टर्म, म्हणजे शाळेची मधली सुट्टी, एकाच आठवड्यात आली होती. कराडहून साबा-साबु (सासूबाई आणि सासरेबुवा) आलेले. लंडन बघून झालं होतं, साबांना म्यूझियममध्ये उभं राहून पाय दुखायचे आणि साबु तिसऱ्या दिवसापासून "इथं शेतं कुठायत?" विचारत होते. मग नवऱ्याने नॅरोबोट भाड्याने घेतली.

नॅरोबोट म्हणजे लांबुळकी पोलादी बोट. रुंदी सात फुटांच्या आत, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत काहीही. आमची सत्तावन्न फुटी होती, वजन पंधरा-सोळा टन. आतली रचना रेल्वेच्या डब्यासारखी: बसायची जागा, स्वयंपाकघर, न्हाणी, झोपायची खोली, सगळं एका ओळीत. कुणी चहा करत असेल तर पलीकडे जायला त्याला पोट आत घ्यावं लागतं. कालव्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी चार मैल. प्रत्यक्षात आम्ही तीनने जायचो, आणि काठाला बोटी बांधलेल्या असल्या की त्याहून हळू, नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात आणि आतून कुणीतरी डोकं काढून "हळू!" ओरडतं. काठावरून कुत्र्याला फिरवणाऱ्या आजीबाई आम्हाला मागे टाकून गेल्या, दोनदा.

लायसन्स लागत नाही. बोटवाल्याने तासाभरात शिकवलं आणि किल्ली दिली. मागच्या टोकाला उभं राहून दांड्याने सुकाणू फिरवायचं. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे. ब्रेक नाही, थांबायचं तर इंजीन उलटं फिरवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. शिवाय बोट मधून वळते, त्यामुळे नाक वाचलं या आनंदात शेपूट काठावर आपटते. मोटरवेवर सराईत असलेल्या नवऱ्याला हे जमायला दोन दिवस लागले. साबुंना दहा मिनिटं. म्हणाले, "ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना हेच करतो की. उलटं."

पुढचं लिहिते, पोराचा डबा करायचाय.

पाणकावळा
मी पयला! झकास. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका.

शंकासुर
म्हणजे पैसे मोजून हमाली? सुट्टीत सुकाणू आपण धरायचं, दोर आपण बांधायचे, स्वयंपाकही आपणच करायचा. केरळात निदान करीमीन मासे तळून देतात. (हलके घ्या.)

लेस्टरवासी
शंकासुर, एकदा जाऊन या, मग बोला. रानजाई, कुठून सुरू केलंत? काही वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा नॅप्टनच्या लॉकशेजारच्या शेतात चक्क म्हशी होत्या. पाण्यातल्या बोटीवरून म्हशी बघायच्या म्हणजे मला वाटलं मी चुकून वारणेला पोचलो.

रानजाई
लेस्टरवासी, सुरुवात नॅप्टनजवळूनच, पण म्हशी नाही दिसल्या. साबुंना हे सांगितलं तर ते परत तिकीट काढायला लावतील.

शंकासुर, हमाली आहेच. नॅप्टनला एकामागून एक नऊ लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याचा जिना म्हणा. टेकडीवर चढायचं तर बोट एका दगडी हौदात घालायची, मागचं दार लावायचं, वरच्या बाजूची झडप उघडायची. वरचं पाणी आत येतं, बोट तरंगत वर जाते. आतली आणि बाहेरची पातळी एक झाली की पुढचं दार उघडतं. त्याआधी चौघांनी ढकललं तरी हलत नाही, आणि पातळी जुळली की साबांनी नुसती पाठ टेकून उघडलं. दाराला ओंडक्यासारखा लांबलचक दांडा असतो, त्यावर बूड टेकायचं आणि पायाने रेटायचं. साबांच्या गुडघ्यांची मला काळजी होती, पण दारं उघडायचं काम त्यांनी दुसऱ्या लॉकपासून कुणाला करूच दिलं नाही. "हे माझं," म्हणाल्या. वाड्याचा दिंडी दरवाजा सत्तर वर्षं लावलेली बाई आहे.

झडपेला विंडलास लागतं. एल आकाराचं लोखंडी हँडल, पूर्वी जीपला हँडल मारायचे तसं. ते दात्यांवर अडकवून फिरवायचं आणि खटका पडल्याशिवाय हात सोडायचा नाही. सुटलं तर गरगर फिरून मनगट मोडतं.

खरी भीती उतरताना. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीचं शेपूट त्या उंबऱ्यावर राहिलं तर नाक खाली जातं, शेपूट अडकतं आणि बोट बुडते. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ आहे, तिच्या पुढे राहायचं. साबांनी हे ऐकल्यावर प्रत्येक लॉकला ओरडायचं काम पण स्वतःकडे घेतलं: "उंबऱ्यावर थांबू नका!" आजूबाजूच्या इंग्रजांना वाटलं काहीतरी मंत्र आहे.

चाळकरी
"उंबऱ्यावर थांबू नका" :D :D

उदगीरचा_नातू
एक हिशोब केला. लॉक ७२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि चढ ७ फूट धरला तर ३५२८ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक लाख लिटर. एक बोट वर चढवायला एक लाख लिटर गोडं पाणी? आमच्याकडे येणारा टँकर दहा हजाराचा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. पेपरात पहिल्या पानावर फोटो. म्हणजे तुमचे पाच लॉक.

मजा करू नका असं म्हणत नाही. पण वाचताना घसा कोरडा पडला.

पाणकावळा
धागा भरकटतोय का?

रानजाई
अजिबात नाही. उदगीरचा_नातू, तुमचा आकडा बरोबर आहे आणि हेच गणित कालवा बांधणाऱ्याला छळत होतं. पाणी संपत नाही, खालच्या टप्प्यात जातं. पण डोंगरमाथ्यावरून बोट कुठल्याही बाजूला उतरली तरी माथ्याचं एक लॉकभर पाणी घेऊनच उतरते. माथ्यावर ते आणायचं कुठून? ऑक्सफर्ड कालव्याच्या माथ्यासाठी बॉडिंग्टनला वेगळा तलाव बांधलाय. कोरड्या उन्हाळ्यात पाणी घटलं की लॉकच्या वेळा कमी करतात, कधी कालव्याचा एखादा भाग बंदच ठेवतात.

आणि म्हणूनच बोटी एवढ्या चिंचोळ्या. जेम्स ब्रिंडली नावाचा गिरणी-कारागीर होता, १७१६ चा जन्म. मँचेस्टरला कोळसा नेणारा ब्रिजवॉटर कालवा त्याच्या हातचा, १७६१ मध्ये सुरू झाला आणि शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग जो तो कालवा मागायला लागला. ब्रिंडलीने मधल्या प्रदेशातल्या कालव्यांना सात फुटी लॉक ठरवलं: खोदाई कमी, बोगदे अरुंद, पाणीही निम्मं. लॉक सात फुटी, म्हणून बोट सात फुटी. अडीचशे वर्षांनी आम्ही पोट आत घेऊन चहा करतोय ते त्याच्यामुळे.

पाणी झिरपू नये म्हणून चिकणमाती पाण्यात कालवून, तुडवून तिचा थर तळाला देत. साबु म्हणाले, "कुंभाराचंच काम." कालव्याला कालवा का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, असं मी विनोदाने म्हटलं, तर मुलाने खरं समजून वहीत लिहून घेतलं. व्युत्पत्तीवाल्यांनी माफ करावं.

एक शिष्टाचार मात्र तुम्हाला आवडेल. लॉक भरलेलं आहे, तुम्ही खालून येताय आणि समोरून वरून बोट येताना दिसते आहे, तर आपण थांबायचं. तेच पाणी तिला उतरवतं आणि रिकामं लॉक तुम्हाला मिळतं. घाई करून लॉक रिकामं करणाऱ्याला मी तर "पाणीचोर"च म्हणेन.

उदगीरचा_नातू
पाणीचोर हा शब्द आमच्याकडेही आहे. ठीक आहे, वाचतोय.

कुंभारजुवेकर
छान धागा. गोव्यात मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुवे कालवा आमच्या दारातून जातो, पण तिथे भरती-ओहोटी आणि मगरी. लॉक वगैरे काही नाही, चंद्र सांगेल ते. तुमच्याकडे मगरी नसणार. पडलं तर?

लेस्टरवासी
पडलं तर उभं राहायचं. कालवा बहुतेक ठिकाणी तीन-चार फूट खोल. अपवाद लॉकचा, आणि बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याजवळ पडू नये. तळाला मात्र गाळ आणि सायकली.

पंख्यावरून आठवलं. आम्ही ग्रँड युनियन कालव्यावर होतो, आपल्या लोकांची वस्ती असलेल्या भागात. आधी पाण्यात एक नारळ तरंगत आला. मग दुसरा. बायको म्हणाली शुभ शकुन. पाच मिनिटांनी इंजीन धापा टाकायला लागलं. इंजीन बंद करून किल्ली खिशात घातली, मागची फळी उचलली, बाही वर करून हात घातला तर पंख्याला गुंडाळलेलं साडेपाच वार कापड, हिरवं, काठाचं. कुणीतरी श्रद्धेने सोडलेलं. पाऊण तास भाकरीच्या सुरीने कापत होतो. पलीकडच्या बोटीवरचा म्हातारा बघून म्हणाला, "सारी?" मला आधी वाटलं तो सॉरी म्हणतोय.

चाळकरी
लेस्टरवासी =))

एक सांगते, जरा गंभीर. या बोटींवर एके काळी संसार होते. रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, किनाऱ्यावरचं घरभाडं परवडेना, तेव्हा नावाडी बायकापोरांसकट बोटीवरच राहायला आले. सगळी बोट कोळशाने भरलेली, आणि मागे राहायला साधारण दहा फूट बाय सात फूट केबिन. त्यात चूल, पलंग, कपाट आणि पाच-सहा पोरं. शाळा कुठली, बोट रोज पुढच्या गावाला. या हालांबद्दल जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने आवाज उठवला आणि १८७७ मध्ये कायदा झाला, माणसं किती राहू शकतात त्याची नोंदणी वगैरे.

आमची लालबागची खोली दहा बाय बारा होती, आम्ही सातजण. मी या बोटींच्या दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले बघते तेव्हा मला "किती गोड" म्हणवत नाही. जागा नसली की माणूस भिंतच सजवतो. आमच्याकडे पण फळीवरच्या डब्यांवर आई ऑइलपेंटने वेली काढायची.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा शहरातल्या बायकांना शिकवून या मालबोटींवर पाठवलं होतं. बिल्ल्यावर आय.डब्ल्यू. अक्षरं असायची, इनलँड वॉटरवेज. लोकांनी त्याचं "आयडल विमेन" केलं. टनावारी कोळसा वाहणाऱ्या बायकांना आळशी!

रानजाई
चाळकरी, फळीवरच्या डब्यांचं अगदी पटलं. आमच्या बोटीवर तसलीच रंगवलेली पाण्याची बरणी छपरावर शोभेला होती. साबांनी दुसऱ्या दिवशी तिच्यात कोथिंबीर लावून ठेवली.

आता पुढचा भाग. नॅप्टन चढलं की अकरा मैल एकही लॉक नाही. कारण ब्रिंडली शक्यतो डोंगर फोडायचा नाही, समपातळी धरून टेकडीला वळसे घालायचा. वर्मलेटनला हा प्रकार कळस गाठतो. एक शेतघर सकाळी डाव्या हाताला दिसलं. तासाभराने उजव्या हाताला. मग मागे. मग पुन्हा समोर. नवरा वैतागून म्हणाला, चालत गेलो असतो तर वीस मिनिटं लागली असती. साबु म्हणाले, "घाई असती तर कालव्यानं कशाला आला असतास?" त्यावर कुणी बोललं नाही.

त्या माथ्यावर काय बघितलं असं विचाराल तर सांगण्यासारखं फार नाही. नांगरलेली शेतं, मेंढ्या, हॉथॉर्नच्या कुंपणावर लाल फळं, एक बगळा जो बोट जवळ आली की उडून पन्नास पावलं पुढे बसायचा आणि पुन्हा तेच. विटांचे कमानी पूल, प्रत्येकाला नंबर. काही पुलांच्या कोपऱ्यांवर खोल चरे आहेत. पूर्वी बोटी घोडे ओढायचे, त्या दोरांनी विहिरीच्या काठासारखे घासलेले. साबुंनी प्रत्येक चऱ्यात हाताचं बोट घालून बघितलं.

सोमवारी लक्ष्मीपूजन. क्लेडनचे पाच लॉक उतरून क्रोप्रेडी गाठलं. १६४४ मध्ये इथल्या पुलावर राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंटच्या फौजांची लढाई झाली होती, आता तिथे शांत बदकं आहेत. अंधार पडायच्या आत बोट बांधावीच लागते, भाड्याच्या बोटी रात्री चालवायच्या नाहीत. गळ्यातल्या साखळीएवढ्या जागेत साबांनी पूजा मांडली. पणत्या आत लावू दिल्या नाहीत मी, गॅस सिलिंडर आणि पडदे. म्हणून त्या पुढच्या मोकळ्या टोकावर ओळीने ठेवल्या, आणि कराडहून आणलेला घडीचा आकाशकंदील सुकाणूच्या दांड्याला बांधला. आत टॉर्च. वारा नव्हता. पाण्यात दुसरा कंदील दिसत होता. शेजारच्या बोटीतलं जोडपं आलं, त्यांना चकली दिली. त्यांनी बदल्यात कोळशाची अर्धी पिशवी दिली, आमच्या शेगडीला ओलं लाकूड पेटत नव्हतं ते त्यांना धुरावरून कळलं होतं.

पाणकावळा
तो कंदिलाचा फोटो तरी टाकाच.

शंकासुर
मान्य, हे करीमीनपेक्षा बरं आहे. खर्च किती? आणि ऑक्सफर्ड गाठलंत का?

रानजाई
ऑक्सफर्ड नाही गाठलं. बॅनबरीला बुधवारी पाऊस लागला. तिथे टूलीची जुनी बोटगोदी आहे, अठराव्या शतकातली, आता तिच्याभोवती चक्क मॉल आहे. पाऊस थांबेपर्यंत तिथेच रेंगाळलो. एनहोपाशी चेरवेल नदी कालव्याला आडवी कापून जाते. तिथे पाण्याची पातळी दाखवणारी रंगीत पाटी असते, हिरवा, पिवळा, लाल. पाणी लालात होतं. लालात जायचं नाही. नवऱ्याने आखलेला तक्ता होता, दर दिवसाचे मैल, दर दिवसाचे लॉक. त्याने तो घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला. बोट वळवायला कालव्यात ठराविक ठिकाणी रुंद खळगा असतो, बाकी कुठे सत्तावन्न फूट वळतच नाहीत. नाक काठाला लावून साबुंनी वळवली. पुलावर चार बघे उभे होते. इंग्रजीत यांच्यासाठी खास शब्द आहे, गाँगूझलर. आपला "बघे" जास्त बरा. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि साबुंनी टोपी काढली.

खर्च: आम्हाला डिझेलसकट सोळाशे पौंडांच्या आसपास, पाचजण, सात रात्री. उन्हाळ्याच्या शाळेच्या सुट्टीत याहून बराच जास्त. पाण्याची टाकी दर दोन दिवसांनी भरावी लागते. संडासाची टाकी कशी रिकामी करतात ते जेवणाच्या वेळी वाचणारे लोक असतील म्हणून लिहीत नाही, पण भाड्याने घेताना आधी विचारा: पंपाने ओढतात की डबा स्वतः न्यायचा.

उदगीरचा_नातू
एखादी झडप चुकून उघडी राहिली तर?

रानजाई
हा प्रश्न येऊ नये असं वाटत होतं. राहिली. परतीच्या वाटेवर, क्लेडनला, माझ्या हातून. पावसात मला वाटलं मी खाली केली, पण ती अर्धी वरच होती. मागून एक बाई विंडलास घेऊन धावत आली. तोवर वरच्या टप्प्यातलं पाणी वीतभर उतरलं होतं आणि तिची बोट काठाला तिरकी टेकली होती. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "आता वरून पाणी सोडावं लागेल," आणि आम्ही दोघींनी सोडलं. मला तेव्हा तुमचा लाख लिटरचा हिशोब माहीत नव्हता, ते बरं झालं.

उदगीरचा_नातू
गावाकडं असतं तर ओरडली असती.

कुंभारजुवेकर
मे महिन्यात जायचा विचार आहे, आईला घेऊन, वय ७४. झेपेल?

रानजाई
आत उतरायच्या पायऱ्या उभ्या असतात, तेवढं बघा. बाकी आईंना दार द्या ढकलायला. आणि लॉकच्या काठावर शेवाळ असतं, पळू नका. कुणीच.

हो, एक राहिलं. मुलाच्या हातून एक विंडलास पाण्यात पडलं. बोटीवर दोरीला बांधलेला लोहचुंबक असतो, तो टाकून तासभर गळ घालत बसला. आमचं नाही मिळालं (त्याचे पैसे भरले), पण दुसरं कुणाचं तरी, पार गंजलेलं, जुनं वर आलं. ते साबुंनी धुतलं, पेपरात गुंडाळलं आणि चेक-इन बॅगेत घालून कराडला नेलं. आता ओसरीवर खुंटीला टांगलंय. येणारा प्रत्येकजण विचारतो, कुठल्या ट्रॅक्टरचं?